दोघी जावा आणि बर्फाची खिंड

अक्कांनी पाठीला पिशवी लावली तेव्हा तिच्यात साडेसात किलो तांदूळ होता. आमच्याच शेतातला, इंद्रायणी. मार्चमधली सकाळ होती. आम्ही दोघी आमच्या रिहे गावाच्या वरच्या डोंगराकडे निघालो, तर हापशावर घागर भरणाऱ्या शेजारणीनं हाक मारली, "अगं शेवंते, तांदूळ घिऊन डोंगरावर कुटं? वर कुनी गिऱ्हाईक हाय व्हय?"

अक्का थांबल्या नाहीत. मीच वळून म्हणाले, "सराव करतोय."

"कशाचा?"

आता काय सांगणार? आम्ही आल्प्समध्ये पायी हिंडायचा सराव करतोय, हे हापशावर ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय एकसष्ट. मी धाकटी, अठ्ठावन्नची, पिरंगुटजवळच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. आमचं घर मेंढरं-शेरडं राखणाऱ्यांचं, थोड्या भातशेतीवर आणि मिळेल त्या मजुरीवर चाललेलं. माझे यजमान उरवड्याच्या कारखान्यात लागले, मी शाळेत गेले, पण शेळ्या मात्र अक्कांनी चाळीस वर्षं सोडल्या नाहीत. गेल्या वर्षी डोंगराच्या उतारावर फार्महाउसांच्या तारांची कुंपणं पडली. चरायला जागाच उरली नाही आणि शेळ्या विकाव्या लागल्या. त्या दिवसापासून अक्का घरात बसल्या त्या बसल्याच. रोज आठ-दहा किलोमीटर तुडवणारी बाई अंगणात यायलाही कंटाळू लागली. बोलणंही तुटलं. काही विचारलं तर 'व्हय' नाहीतर 'न्हाई', तिसरा शब्द नाही.

त्यांची मुलगी कल्याणी म्युनिकला नोकरी करते. एक दिवस तिचा मला फोन आला.

"काकू, आईला घेऊन इकडे या. पण माझ्याकडे नुसती बसवायला नको. इथंही ती खिडकीत बसून राहील. तिला चालवा."

"कुठं चालवू?"

मग तिनं मला त्या डोंगरांतल्या हटविषयी सांगितलं. नाव हट असलं तरी ती झोपडी नव्हे. दोन-दोन हजार मीटर उंचीवर, जिथं गाडी जात नाही तिथं दगडा-लाकडाची मोठी घरं बांधलेली आहेत. दिवसभर चालायचं, दुपारी हट गाठायची, जेवायचं, झोपायचं आणि सकाळी पुढच्या हटकडे निघायचं. तिच्या घरापासून रेल्वेनं दोन-तीन तासांवर, ऑस्ट्रियातल्या टायरोलमध्ये, असे कितीतरी रस्ते आहेत.

तीस वर्षं मी फळ्यावर समोच्च रेषा काढल्या होत्या. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. पण बर्फाची रेषा मी फक्त पुस्तकात पाहिलेली. मला मोह झाला हे कबूल करते. अक्कांना विचारलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला.

"तितं शेरडं हायेत का?"

"मेंढ्या आहेत म्हणतात."

"मग बगू."

त्यांचा तो प्रश्न म्हणजे शेळ्या गेल्यापासूनचं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

मग माझी शंभर पानी वही सुरू झाली. कल्याणीनं पाठवलेला नकाशा पलंगावर पसरून मी रेषा मोजत बसे. तिथल्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात, आणि ते तास तिथल्या माणसांच्या पायांचे. आमचे तास आम्हालाच काढायला हवे होते. म्हणून तो तांदूळ. रिह्यापासून वरचा माथा साडेतीनशे मीटर चढाचा. ओझं घेऊन पहिल्या दिवशी आम्हाला अडीच तास लागले आणि अक्का मध्ये चार वेळा बसल्या. एप्रिल संपेपर्यंत आम्ही सव्वा तासात वर जाऊ लागलो. तेवढ्या हिशेबावर मी प्रत्येक दिवसाचा चढ आणि उतार मांडला. शेवटी एका ओळीत चार हट आणि मध्ये एक मोठी खिंड, अठ्ठावीसशे मीटरवर, असा बेत ठरला. जुलैत हट भरतात, म्हणून मेच्या सुरुवातीलाच चारही ठिकाणच्या जागा राखून ठेवल्या.

हटमध्ये स्वतःची चादर-पिशवी न्यावी लागते. पातळ कापडाची, आत शिरून झोपायची. विकत न घेता मी ती अक्कांच्या दोन जुन्या लुगड्यांतून शिवली. एक हिरवी, एक जांभळी, दोन्हीला काठ.

पहिली हट

रेल्वे, बस, तिकिटं, यांतलं काही सांगत नाही. शेवटच्या बसथांब्यावर उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. कल्याणीनं आम्हाला तिथवर सोडलं आणि ती कामासाठी परत गेली. अक्कांनी तिची विजार घातली होती, वर स्वेटर, कपाळाला ठसठशीत कुंकू. विजारीचा त्यांना पहिला तासभर फार संकोच झाला. मग एक ओढा ओलांडताना त्या म्हणाल्या, "लुगड्यापरीस बरं हाय. वर खोचायला लागत न्हाई." तो विषय तिथंच संपला.

रस्ता पाइनसारख्या झाडांतून वर जात होता. आमच्या मुळशीच्या डोंगरात दर दहा पावलांना कुठलं ना कुठलं झुडूप अंगाला ओरबाडतं. इथलं जंगल झाडून ठेवल्यासारखं. दगडांवर लाल-पांढरे पट्टे मारलेले, चुकायचं म्हटलं तरी चुकता येऊ नये असे. मध्येच झाडं संपली आणि समोर उघडं कुरण, त्यावर पिवळी-निळी फुलं, आणि वर, एकदम वर, पांढरे डोंगर. मी थांबले. तीस वर्षं मुलांना ज्याच्या आकृत्या काढून दाखवल्या, ते समोर उभं होतं. अक्कांनी मात्र खाली वाकून गवत उपटलं, दातांनी चावून बघितलं आणि थुंकलं.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या.

हट तीन मजली निघाली, बावीसशे मीटरवर, खाली दगड आणि वर लाकूड. ती चालवणारी ग्रेटा पन्नाशीची, उंच आणि कमी बोलणारी बाई होती. दारातच तिनं आमच्या बुटांकडे बोट दाखवलं. बूट बाहेरच्या खोलीत, आत जाताना तिथल्या लोकरी सपाता. हे अक्कांना एकदम पटलं. "शिकलेली मान्सं हायेत," त्या म्हणाल्या.

झोपायची जागा बघून मात्र त्यांचं मत बदललं. लांबलचक एकच लाकडी माचा, त्यावर आठ गाद्या ओळीनं. बायका-पुरुष वेगळे नाहीत. आमच्या शेजारी एक पांढऱ्या दाढीचे जर्मन आजोबा सामान लावत होते.

"ह्यो बाप्या हितंच झोपनार?" अक्कांनी मला विचारलं.

"हो."

त्यांनी आमच्या दोन्ही पाठपिशव्या उचलल्या आणि आमच्या गाद्या आणि आजोबांची गादी यांच्यामध्ये उभ्या करून ठेवल्या. आजोबांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी आदबीनं मान तुकवली आणि स्वतःची पिशवीही त्या कुंपणाला जोडून दिली.

जेवायला सूप आलं आणि त्यात शिळ्या पावाचे मोठमोठे गोळे. अक्कांनी एक फोडून बघितला. "ही तर मुटकी हायेत." पण अळणी. मग आमची लसणाची चटणी बाहेर निघाली. आजोबांनी कुतूहलानं चमचाभर घेतली, मी नको नको म्हणेपर्यंत तोंडात टाकली. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, पण माणूस पक्का, आणखी थोडी मागून घेतली. अक्का हसल्या. तोंडाला हात लावून, खांदे हलवत. हा आवाज मी जवळजवळ वर्षभरानं ऐकत होते.

खिंड

दुसऱ्या दिवशी तिथंच मुक्काम होता, उंचीची सवय व्हावी म्हणून. संध्याकाळी जेवणाच्या वेळी ग्रेटा आमच्या टेबलाशी आली.

"उद्या कुठे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

मी वही उघडून दाखवली. खिंड ओलांडून पलीकडची हट. ती वहीकडे कमी आणि आमच्या बुटांकडे जास्त बघत होती.

"खिंडीच्या अलीकडे अजून बर्फ आहे," ती म्हणाली. "शेवटचा दीडशे मीटर चढ. सकाळी घट्ट असतं. लोक जातात, पण बुटांना लोखंडी काटे लावून. तुमच्याकडे आहेत?"

नव्हते. मी वहीकडे बघितलं. पलीकडच्या जागा मेपासून राखलेल्या. तिथं पोचलो नाही तर पुढच्याही चुकणार, सगळा बेत कोसळणार. मी ग्रेटाला म्हणाले, "बघतो." तिनं खांदे उडवले आणि गेली.

"काय म्हनाली बाई?" अक्कांनी विचारलं.

"थोडं बर्फ आहे म्हणे," मी सांगितलं.

ही गोष्ट मी इथं लिहिते आहे, कारण ती न लिहिता बाकीचं लिहिणं खोटं ठरेल. अक्कांना जर्मन येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं. त्या परक्या देशात त्यांचे कान म्हणजे मी होते. आणि मी दीडशे मीटरचं 'थोडं' केलं. काट्यांचं तर नावच घेतलं नाही.

सकाळी लवकर निघालो. खिंडीचा अलीकडचा उतार उत्तरेला तोंड करून होता. उत्तरेच्या उतारावर ऊन कमी पडतं, तिथं बर्फ उशिरा वितळतं, हे मी दर वर्षी नववीच्या वर्गाला सांगायचे. परीक्षेत प्रश्नही घालायचे. स्वतःचा रस्ता आखताना मात्र मी चढ मोजला, तास मोजले आणि उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघितलंच नाही.

बर्फ सुरू झालं तेव्हा ते पांढरं नव्हतं, राखाडी होतं आणि दगडासारखं कडक. आधी गेलेल्यांची पावलं त्यात गोठून राहिली होती. मी काठी रोवत त्यांत पाय ठेवत वर चढत होते. मागून अक्कांचा आवाज आला.

"सुमन, माघारी फीर. माजा पाय बसत न्हाई."

वर खिंडीतला लाकडी खांब दिसत होता. अगदी समोर.

"थोडंच राहिलंय, अक्का. खांब दिसतोय बघा."

त्या थांबल्या. मग वर येऊ लागल्या. पाच-सहा पावलं आल्या असतील. पुढचं मी बघितलं नाही, फक्त ऐकलं. खरवडल्यासारखा आवाज, आणि माझं नाव नव्हे, 'आई' एवढंच. वळून बघते तर अक्का पाठीवर पडून खाली घसरत चालल्या होत्या, पाय पुढे, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. त्यांची काठी बरोबर घसरत होती. काठी पुढे गेली, दगडांच्या राशीवर आपटली, उडाली आणि दिसेनाशी झाली. अक्का त्याच राशीत जाऊन अडकल्या. दगड नसते तर खाली आणखी दोनशे मीटर उतार होता.

मी बसून, टाचा रोवत, रडत खाली आले. त्या उठून बसल्या होत्या. डाव्या तळव्याचं कातडं सोललं होतं, कोपरातून रक्त येत होतं. बाकी हाडं शाबूत. मी हात धरायला गेले तर त्यांनी तो झटकला.

"तुजा कागद खरा आन माजं पाय खोटं व्हय?"

खाली येईपर्यंत, तीन तास, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आणि मला त्यांच्या पूर्वीच्या गप्प बसण्याची आठवण येऊन भीती वाटली. वाटलं, जे थोडंफार मिळालं होतं ते मी माझ्या हातानं घालवलं.

मेंढ्या

ग्रेटानं आम्हाला दारातून येताना बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती रागावली नाही. कोमट पाणी आणलं, तळवा धुतला, पट्टी बांधली, सूप दिलं. पलीकडच्या हटला फोन करून आम्ही येत नसल्याचं कळवलं. कोणी आलं नाही तर तिथले लोक शोधायला निघतात, हे मला तेव्हा कळलं.

सूप संपल्यावर अक्का माझ्याकडे वळल्या.

"काल ती बाई काय म्हनाली? शब्दानं शब्द सांग."

मी सांगितलं. दीडशे मीटर, घट्ट बर्फ, लोखंडी काटे. सांगताना मान वर करवेना. अक्कांनी पट्टीवरून बोट फिरवलं.

"हितनं म्होरं ती जे बोलंल ते समदं मला सांगायचं," त्या म्हणाल्या. "ग्वाड करून नगं, कडू करून नगं. मी काय लेकरू न्हाई."

"चुकलं माझं, अक्का."

"व्हय. चुकलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथंच राहिलो. मला वाटलं, अक्का आता परत चला म्हणतील. पण नाष्ट्यानंतर त्या दिसेनात. शोधत बाहेर गेले तर हटमागच्या कुरणात पाठमोऱ्या उभ्या. समोर पन्नासेक मेंढ्या, गळ्यात घंटा, आणि राखणदार कुणी नाही.

"ह्यांचा धनी कुटं?" त्यांनी मला विचारलं. ग्रेटाला विचारून मी सांगितलं, की तो उन्हाळाभर मेंढ्या वर सोडून देतो आणि अधूनमधून मीठ घेऊन येतो. अक्कांना हे मुळीच आवडलं नाही. "आन पाय लागला कुनाचा तर? ती बग, ती काळ्या तोंडाची. लंगडतीया. दोन-तीन रोज झालं आसत्याल."

योग असा, की त्याच दुपारी तो धनी आला. ग्रेटाचा चुलतभाऊ, सत्तरीचा, टोपीत पीस खोचलेला. अक्कांनी त्याला हातानं बोलावलं आणि काळ्या तोंडाची मेंढी दाखवली. त्यानं आकडीच्या काठीनं तिचा मागचा पाय धरला. अक्कांनी एका हातानं आणि गुडघ्यानं तिला आडवी दाबली, जणू आपलंच मेंढरू. खुराच्या बेचक्यात घाण वास येत होता. त्यानं खिशातून चाकू काढून खूर तासला, औषध लावलं. अक्का सांगत होत्या, "आजून खोल, आजून. हितं, हितं." तो जर्मनमध्ये काहीतरी म्हणत होता. मी भाषांतर करायला पुढे झाले तर दोघांपैकी कुणालाही माझी गरज नव्हती.

पुढचा अर्धा तास ते दोघं दगडावर बसून बोलत होते. तो त्याच्या भाषेत, अक्का मराठीत. त्यानं लोकर दाखवली, अक्कांनी चिमटीत धरून दोरा वळून दाखवला. त्यांनी त्याला आमच्या शेळ्यांविषयी सांगितलं, तारांविषयी सांगितलं, विकल्या त्या दिवसाविषयी सांगितलं. मी थोड्या अंतरावर उभी होते. यातलं एक अक्षरही त्या घरात कुणाशी बोलल्या नव्हत्या, आणि शब्द न समजणाऱ्या माणसाला मात्र सगळं सांगत होत्या. तो मान हलवत, पाइप ओढत ऐकत होता.

परत येताना अक्का म्हणाल्या, "तुजा तो कागद आन."

नवा बेत

त्या संध्याकाळी टेबलावर नकाशा पसरला आणि आम्ही तिघी त्याभोवती बसलो. ग्रेटा बोलायची, मी वाक्य वाक्य मराठीत सांगायचे, अक्का विचारायच्या, मी ते इंग्रजीत सांगायचे. कंटाळवाणं काम, पण मी एक शब्द गाळला नाही. 'तुमची जाऊ हट्टी आहे, पण तुमच्यापेक्षा शहाणी आहे' हेसुद्धा सांगितलं. अक्कांनी मान डोलावली.

अक्कांना समोच्च रेषा समजायला पाच मिनिटं लागली. "म्हंजी भातखाचराचं बांध," त्या म्हणाल्या. "बांधाजवळ बांध आला की चढ उभा." तीस वर्षं मी हे इतक्या सोप्या रीतीनं का शिकवलं नाही, कळत नाही.

ठरलं ते असं. खिंड पलीकडून, दक्षिणेच्या अंगानं गाठायची. तिकडे बर्फ नाही. त्यासाठी खाली दरीत उतरायचं, बसनं डोंगराला वळसा घालायचा आणि पलीकडच्या हटपर्यंत दोन दिवसांत चढायचं. ग्रेटानं फोन केले. एका ठिकाणी जागा नव्हती, पण जेवणघरात गाद्या टाकून देऊ म्हणाले. दुपारी ढग जमतात आणि वीज पडते, म्हणून पहाटेच निघायचं आणि बारापर्यंत हट गाठायची. मी वहीत नवं पान घेतलं आणि या वेळी एक रकाना वाढवला, 'माघार'. कुठून परतायचं, किती वाजता परतायचं, कुणी परता म्हणायचं.

"त्यात माजं नाव लिव्ह," अक्का म्हणाल्या. "मी न्हाई म्हनलं की न्हाई."

मी लिहिलं.

दक्षिणेकडून

ते पुढचे दोन दिवस या प्रवासातले सगळ्यात सुंदर होते. दरीतल्या गावात लाकडी घरांच्या सज्ज्यांवर फुलांच्या कुंड्या, चौकात दगडी हौद आणि त्यात वाहतं पाणी. हौदाला लागून बाक होता, तिथं बसून आम्ही तिळाची चटणी आणि पाव खाल्ला. एका म्हाताऱ्या बाईनं आपल्या परसातून वाटीभर बेदाण्यांएवढी लाल आंबट फळं आणून दिली. अक्कांनी तिला मूठभर शेंगदाणे दिले. आमच्याकडे कुणी रिकामं भांडं परत करत नाही, मी तिला सांगितलं. तिच्याकडेही करत नाहीत, असं ती म्हणाली.

चढ लांब होता, पण ऊन पाठीवर आणि जमीन कोरडी. एकदा धुकं आलं. अक्का म्हणाल्या, "बसू." मी वही काढली नाही, घड्याळ बघितलं नाही, बसले. वीस मिनिटांत धुकं गेलं. जेवणघरातल्या गाद्यांवर लुगड्यांतून शिवलेल्या आमच्या हिरव्या-जांभळ्या चादर-पिशव्या बघून तिथल्या स्वैपाकिणीनं काठावरून हात फिरवला आणि शिलाई उलटीसुलटी करून बघितली. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही खिंडीत होतो.

लाकडी खांब उन्हानं तापला होता. त्याला पाठ टेकून आम्ही बसलो आणि खाली उत्तरेकडे बघितलं. तोच बर्फाचा उतार, सावलीत, राखाडी. वरून तो कड्यासारखा उभा दिसत होता. तिघेजण दोर बांधून, काटे लावून, अगदी सावकाश वर येत होते.

"हितनं कळतंय," अक्का म्हणाल्या. "येड्यावानी चढत हुतो."

"अक्का, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"झालं. पुन्ना नगं." त्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "घरात बसून हुते तवा वाटायचं, माजं पाय संपलं. चालायला जागा न्हाई, म्हंजी पाय कशाला पायजेत?"

"आणि आता?"

"आता भूक लागलीया."

आम्ही भाजणीच्या वड्या खाल्ल्या. वरून एक मोठा काळा पक्षी गेला, त्याची सावली आमच्या अंगावरून सरकली. अक्कांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून तो दिसेनासा होईपर्यंत बघितला.

उतार

त्याच वाटेनं आम्ही खाली निघालो. हटवरून सामान घेतलं. संध्याकाळपर्यंत दरीत, तिथून बस, रात्रीपर्यंत कल्याणीचं घर, असा बेत. प्रवास संपल्यासारखं वाटत होतं. गुडघे बोलत होते. झाडांची पहिली ओळ दिसू लागली तेव्हा खालून दोन तरुण मुली येताना दिसल्या. विशी-पंचविशीच्या, मोठ्या पिशव्या, पायांत कापडी बूट. आम्हाला बघून त्यांनी हसून हात केला.

मी विचारलं, कुठे? त्यांनी नकाशा दाखवला. रात्री वरच्या हटमध्ये मुक्काम, उद्या सकाळी खिंडीतून पलीकडे, उत्तरेनं उतरून ग्रेटाच्या हटला. जागा राखलेल्या होत्या.

मी अक्कांना सांगितलं. अक्कांनी त्यांच्या बुटांकडे बघितलं.

मग मी त्या मुलींना सगळं सांगितलं. दीडशे मीटर, घट्ट बर्फ, लोखंडी काटे, आणि आम्ही काय केलं तेही. त्यांतली एक म्हणाली, "पण आमच्या जागा राखलेल्या आहेत." दुसरी आपल्या बुटांकडे बघत होती. अक्का पुढे झाल्या, पट्टी सोडली आणि तळवा त्यांच्यासमोर धरला. मग एक हात तिरका धरून दुसरा त्यावरून खाली घसरवला. आणि दगड. आणि पुढे काहीच नाही, असा हात हवेत उडवला.

दुसरीनं नकाशा पुन्हा उघडला. मी खिंड टाळून ग्रेटाच्या हटकडे जाणारी आडवी पायवाट दाखवली. वाट फार लांबची, आमच्या पायांना न झेपणारी, म्हणूनच आम्ही बसनं वळसा घातला होता. तासाभरापूर्वी आम्ही तिचा फाटा ओलांडला होता. पाटी पडली होती म्हणून मलाही तो नकाशाशी ताडूनच ओळखता आला होता. त्यांना नकाशावर तो नीट सापडेना.

"दगडाच्या ढिगाजवळ," मी सांगितलं. "मग डावीकडे."

त्यांनी मान हलवली, पण एकमेकींकडे बघितलं. त्या प्रदेशात दगडांचे ढीग पावलोपावली होते.

"कळलं न्हाई त्यांला," अक्का म्हणाल्या आणि पाठपिशवीचे बंद घट्ट करू लागल्या.

"अक्का, आपली बस आहे."

"बस सांच्यापातुर असतीच की. चला गं पोरींनो."

मुलींना शब्द कळला नाही, पण हात कळला. अक्का पुढे, त्यांच्या मागे त्या दोघी, अशी रांग पुन्हा चढाला लागली. मी क्षणभर तिथंच उभी राहिले, खाली दिसणाऱ्या दरीकडे बघत, मग मीही वळले. अक्का लांब टांगा टाकत वर चालल्या होत्या. मला धाप लागली तरी त्यांना गाठता येईना.